शिमुलपुकुरचा अकरावा

आमच्या ह्यांना फुटबॉल खेळता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण क्लबच्या खोलीतला त्यांचा फोटो बघून नव्या पोरांना वाटतं, हा माणूस काय धडाधड गोल मारत असेल. कसले गोल! चेंडू अंगावर आला की आधी चष्म्याला हात जायचा, मग चेंडूची आठवण व्हायची. साताऱ्याला लहानपणी आट्यापाट्या खेळताना एकदा गुडघा फुटला, तेवढीच काय ती त्यांची खेळातली मर्दुमकी. तरीही शिमुलपुकुर एकादश हा क्लब काढला तो त्यांनीच. चारुदत्त टिपणीस, केंद्र सरकारच्या कचेरीतले हेडक्लार्क. बंगाली माणसं त्यांना चारुदा म्हणायची. मी नलिनी, त्यांची बायको, आणि त्या क्लबाची पहिली वैरीण.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात लग्न होऊन मी वाईहून कलकत्त्याला आले. हावड्याला उतरल्या उतरल्या हे म्हणाले, "दोनच वर्षं काढायची. मग पुण्याला बदली." त्या दोन वर्षांच्या भरवशावर मी ट्रंकसुद्धा पुरती उघडली नाही. बेहाल्याला ट्रामच्या रस्त्यापासून आत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागे शिमुलपुकुर नावाचं तळं. तळ्याच्या अलीकडे जुनी वस्ती आणि पलीकडे बांबूच्या तट्ट्यांची नवी, कारण फाळणी झाल्यापासून पूर्व बंगालातून बोचकी घेऊन माणसं येतच होती. अलीकडच्यांना घटी म्हणत, पलीकडच्यांना बांगाल. दोघांची भाषा मला एकच वाटायची, पण तसं बोलून दाखवलं की दोघंही रागवायचे.

मैदान मात्र एकच होतं. संध्याकाळ झाली की घटी म्हणत, आमच्या बापजाद्यांपासून आम्ही इथे खेळतो. बांगाल म्हणत, आमचं सगळं गेलं, आता खेळायलाही जागा देत नाही का? अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात गोष्ट विटांवर आली. हे कचेरीतून ट्रामने येऊन मैदानातून आडवे घरी येत, छत्री उघडून, डबा बगलेत धरून. त्या दिवशी असेच निघाले होते. एक वीट छत्रीला लागली आणि छत्रीची काडी मोडली. दुसरा कुणी असता तर पळाला असता. हे थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तक्रार काय आहे ती लिहून द्या."

कचेरीची सवय, दुसरं काय! घरी मी मीठ संपल्याचं सांगितलं तरी म्हणायचे, यादीत लिही. पण त्या एका वाक्याने दोन्हीकडच्या विटा हातातच राहिल्या. त्या दोन टोळ्यांची तक्रार आजवर कुणी मागितलीच नव्हती. अलीकडच्यांतला निताई घोषाल, मिठाईच्या दुकानवाला, आणि पलीकडच्यांतला शिबेन, जो फरिदपूरला शाळेत ड्रिलमास्तर होता आणि इथे कुणीच नव्हता, अशा दोघांनी दुसऱ्या दिवशी कागद आणून दिले. ह्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि मला हाक मारली. "नलू, गंमत बघ. दोघांची तक्रार शब्दन् शब्द एकच आहे."

मग फुलस्केप कागद आला, लाल पेन्सिल आली. मैदान एक तर क्लबही एक, असं ठरलं. संघात पाच इकडचे, पाच तिकडचे. क्लबच्या कमिटीतही तसंच. यावर निताईने विचारलं, "आणि अकरावा?" कारण अकराचे दोन सारखे भाग होत नाहीत, हे मिठाईवाल्याला कुणी सांगायला नको. हे म्हणाले, "अकरावा बाहेरचा." आता बेहाल्यात ना घटी ना बांगाल असा माणूस कुठून आणायचा? निताईने शिबेनकडे बघितलं, शिबेनने निताईकडे, आणि मग दोघांनी ह्यांच्याकडे.

रात्रीच्या जेवणाला मी आमटी वाढली ती आदळूनच. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कलकत्त्याला आलात का?" हे शांतपणे म्हणाले, "दोन वर्षांचाच प्रश्न आहे. बदली होईपर्यंत."

पहिला सामना बराकपूरहून आलेल्या संघाशी झाला. अकरावे म्हणून हे गोलात उभे राहिले. धोतराचा काचा मारलेला, आणि चष्मा पडू नये म्हणून माझ्या वेणीचं आगवळ डोक्यामागे बांधलेलं. नऊ गोल झाले. मी गच्चीवरून बघत होते, लाजेने जीव अर्धा झाला होता. नवव्या गोलाला चेंडू ह्यांच्या दोन पायांमधून गेला आणि हे धोतरात तो शोधत राहिले. तेव्हा निताई हसला, शिबेन हसला, मग सगळे पोट धरून हसले. विटा फेकणारी ती माणसं पहिल्यांदा एकत्र हसली, आणि हसली ती माझ्या नवऱ्याला! घरी आल्यावर मी खूप बोलले. हे आपले आगवळ उलगडत म्हणाले, "नऊ गोलांत काम झालं, स्वस्तात झालं."

पुढच्या वर्षी गोलात एक गोरखा दरवान उभा राहू लागला, तोही बाहेरचाच. ह्यांच्याकडे कमिटी राहिली. पाच विरुद्ध पाच झालं की ह्यांचं मत. आणि खरं सांगते, हे कधी कुठल्याच पाचांच्या बाजूने मत देतच नसत. "अजून बोला," एवढंच म्हणायचे आणि पेन्सिलला टोक काढत बसायचे. शेवटी दहाही जण कंटाळून एक व्हायचे.

आता पाडव्याची गोष्ट. बंगालात खेळाचा हंगाम सुरू होण्याआधी फुटबॉलच्या गोलाची पूजा करतात. तिला बारपूजा म्हणतात. खांबांना शेंदूर, आडव्या बारला हार, पुरोहित, नारळ, सगळं साग्रसंगीत. एकोणपन्नास साली क्लबची पहिलीच बारपूजा, आणि भांडण लागलं ते पुरोहितावरून. निताईच्या घरचा पुरोहित की शिबेनबरोबर फरिदपूरहून आलेला? आठ दिवस वाद झाला. शेवटी दोघंही ह्यांना म्हणाले, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी सभापतींनी मैदानावर यावं, तिथेच काय ते ठरवू.

आता आमचं नवं वर्ष कोणतं? चैत्राचा पाडवा! बंगाल्यांचं वर्ष वैशाखात लागतं, त्याला अजून पंधरवडा होता. पण हे आपल्या पंचांगात इतके मुरलेले की शंका म्हणून आली नाही. मलाही नाही. पाडव्याला पहाटे अभ्यंग करून हे मैदानावर गेले. तिथे कुत्रंसुद्धा नाही. तासभर उभे राहिले. ह्यांना वाटलं, दोन्हीकडचे रुसून बसले. आता शुभदिवस फुकट कसा घालवायचा? तसेच घरी आले, आमच्या खिडकीत उभारायची गुढीच उचलली, आणि गेले.

गुढीला रेशमी वस्त्र म्हणून मी माझा लग्नातला डाळिंबी शालू काढला होता, कारण घरात दुसरं रेशमी लुगडं होतंच कुठे? गाठी कलकत्त्यात मिळत नाहीत म्हणून निताईच्या दुकानातले बत्तासे दोऱ्यात ओवले होते. मी "अहो, अहो" करत जिन्यापर्यंत गेले तोवर माझा शालू मैदानात, तळ्याकडच्या गोलाच्या डाव्या खांबाला, वर पालथा तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन फडकत होता.

ट्रामला जाणारी माणसं थांबली. निताई आला, शिबेन आला. नवं वर्ष अजून पंधरा दिवस लांब आहे हे कळल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते गुढी सोडायला लागले तेव्हा शिबेनने त्यांचा हात धरला. "राहू दे चारुदा. झाली पूजा." निताई लगेच म्हणाला, "हो हो, झाली." झाली म्हणजे कुणाचाच पुरोहित जिंकला नाही आणि कुणाचाच हरला नाही. मी कडुलिंब, गूळ आणि हरभऱ्याची डाळ वाटून नेली. आमच्याकडे माणसं तो प्रसाद डोळे मिटून गिळतात. हे लोक मागून मागून खात होते.

त्या वर्षापासून शिमुलपुकुरची बारपूजा पाडव्याला. सगळ्या कलकत्त्याची वैशाखात, आमची गुढी लावून. दुसऱ्या क्लबांचे लोक चेष्टा करायचे, आमचे लोक ऐटीत सांगायचे, हा आमचा रिवाज आहे. दरवर्षी माझाच शालू जायचा. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत ह्यांनीच गुढी उतरवायची. ज्याने उभारली त्यानेच उतरवायची, हे ह्यांच्या आईचं शास्त्र. मग शालू घरी यायचा, कधी चिखलाचा शिंतोडा घेऊन, कधी जरीचा एखादा धागा गमावून. दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा. हेमा झाली, आणि तिला मराठीआधी बंगाली आलं. बदली काही आली नाही.

चोपन्नच्या पाडव्याला मी शालू दिला नाही.

"पुणं मिळालं नाही, एक शालू तरी मला राहू द्या," म्हणाले मी. तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला बायकोपेक्षा त्या दोन बांबूंची काळजी जास्त, असंही बोलले. हे आपला पूजेचा मुकटा घेऊन गेले. संध्याकाळी परत आले, मुकट्याची घडी केली आणि म्हणाले, "जरा आखूड पडला." बस, एवढंच. त्यानंतर शालूचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी पौषात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्यात सगळं संपलं. वय सदतीस. खांदा द्यायला पाच इकडचे आले, पाच तिकडचे आले. तेराव्याला माझा वाईचा भाऊ श्यामकांतदादा येऊन पोचला. त्याने घर आवरायला घेतलं. मला आणि हेमाला घेऊन जायचं ठरलं, गाडीची तिकिटं काढली, आणि योग बघा, दिवस मिळाला तो नेमका पाडव्याचा. चारला घरातून निघायचं होतं.

तोवर क्लबाचीही वाटणी झाली होती. अकरावा कोण, यावर पाच विरुद्ध पाच झालं, आणि "अजून बोला" म्हणणारा कुणी उरला नव्हता. निताई म्हणे आमच्यातला, शिबेन म्हणे आमच्यातला. चार दिवसांत अबोला, आठव्या दिवशी वाटणी. चेंडू वाटले, शिट्ट्या वाटल्या. आणि कहर म्हणजे गोलसुद्धा वाटले! एका बाजूचा गोल उपटून निताईच्या अंगणात गेला, दुसऱ्या बाजूचा तळ्यापलीकडे शिबेनच्या वस्तीत. एका गोलावर कुणी सामना खेळल्याचं ऐकलंय? पण रागाला हिशेब नसतो. ह्यांचा तो नियमांचा फुलस्केप कागद मात्र दोघांपैकी कुणी घेतला नाही. एके दिवशी माझ्या उंबऱ्यावर सापडला, वर दगड ठेवलेला.

मी तो ट्रंकेत टाकला. माझा काय संबंध, असं स्वतःला बजावलं. पण पाडव्याला पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. आज मी निघाले की शिमुलपुकुर संपलं. ह्यांनी आयुष्यात एकच गोष्ट उभी केली, आणि शेवटच्या खेपेला तिच्यासाठी मी एक लुगडं दिलं नाही. मला रडू आवरेना. मग उठले, ट्रंक उघडली आणि शालू काढला.

दादा दारात आडवा आला. "नलू, वर्ष व्हायचंय अजून. ह्या वर्षात सण नाही. आणि गुढी, ती तू उभारणार?" तो 'तू' त्याने कसा उच्चारला ते मला अजून आठवतं. विधवेने शुभकार्याला हात लावायचा नाही, हे मलाही वाईलाच शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "घरात नाही उभारत, दादा. मैदान काही माझं घर नाही." आणि बांबू खांद्यावर घेऊन जिना उतरले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर धीर सुटला असता.

मैदानात जाऊन पाहते तो खांब कुठे होते? तळ्याकडे दोन खड्डे, समोरच्या टोकाला दोन. गोल नेल्याचं मला ठाऊक होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. उपटलेल्या दातांच्या जागेसारखे ते खड्डे दिसत होते. मी ह्यांच्या डाव्या खांबाच्या खड्ड्यात बांबू रोवला, पायाने माती दाबली. शालू चुणून बांधला, कडुलिंब, बत्तासे, वर तांब्या. नमस्कार केला आणि तिथेच गवतावर बसून राहिले.

पहिला निताई आला, दुकान उघडायला निघालेला. गुढी बघून त्याने चपला काढल्या. मग परत गेला. थोड्या वेळाने तळ्यापलीकडून शिबेन आला, त्याने वर बघितलं, तोंड फिरवून डोळे पुसले आणि तोही गेला. मला वाटलं, झालं, एवढंच. पण अर्ध्या तासाने एका बाजूने पाच माणसं खांद्यावर गोल घेऊन आली, आणि दुसऱ्या बाजूने दुसरी पाच.

गोल आले तरी अबोला होताच. तो माझ्या, म्हणजे सगळ्यांच्या बौदीच्या, वहिनीच्या, नशिबी आला. निताई म्हणाला, "बौदी, त्या लोकांना सांगा, डावा खांब कलता आहे." शिबेन तीन हातांवर उभा. तो म्हणाला, "बौदी, त्यांना सांगा, खांब सरळ आहे, बघणाऱ्याची मान वाकडी आहे." आणि मी बावळटासारखी माझ्या मोडक्या बंगालीत एका बंगाल्याचं बोलणं दुसऱ्या बंगाल्याला सांगत होते! बार जरा वर, नाही खाली, दोरी इकडे द्या. तिसऱ्यांदा खांबावरून वाद झाला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी कंबरेवर हात ठेवून ओरडले, "अजून बोला! काय बोलायचं ते सगळं बोलून घ्या, मी बसलेय!"

ते शब्द कुणाचे हे दहाही जणांना माहीत होतं. मलाही ते तोंडातून गेल्यावर कळलं. शिबेन हळूच म्हणाला, "निताई, खांब जरा कलताच आहे रे." निताई म्हणाला, "असू दे, चारुदांच्या वेळीही कलताच होता." दोन-अडीच महिन्यांनी ते दोघं एकमेकांशी बोलले ते हे एवढं. मग निताई माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बौदी, अकरावा बाहेरचा पाहिजे. तुमच्याहून बाहेरचं इथे कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आज चाललेय, निताई."

कुणी आग्रह केला नाही. शिबेनने फक्त विचारलं, "मग संध्याकाळी गुढी कोण उतरवेल?"

दुपारी चारला दादा टांगा घेऊन मैदानाच्या कडेला उभा होता, हेमा मांडीवर, ट्रंका मागे. मी त्याच्याजवळ गेले. सांगितलं की सूर्य बुडायला दोन तास आहेत, आणि जिने उभारली तिनेच उतरवायला हवी. तो खूप रागावला. मग गुढीकडे बघत बसला. गाडी चुकली. मी सूर्यास्ताला गुढी उतरवली, शालू झटकला, पदराला चिखल लागला होता तो तसाच राहू दिला.

दादा चार दिवसांनी एकटाच गेला. मला मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायचं काम मिळालं. पाडव्याच्या त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून ह्यांचा फुलस्केप काढून निताई आणि शिबेनसमोर ठेवला होता. शेवटच्या ओळीत लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'अकरावा बाहेरचा असावा. सध्या चा. टिपणीस, बदली होईपर्यंत.' मी त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, आणि पुढचे दोन शब्द तसेच ठेवले.

शालूची जर आता सगळी गेली आहे, तरी पाडव्याला तोच लागतो. बदली अजून आलेली नाही.